अपघाताचा क्लेम : डॉक्टरांच्या साक्षीपाशी अडकलेली आमची केस

अपघाताच्या क्लेमबद्दल कुणी विचारलं की मी आधी एकच विचारते, ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर साक्ष देणार आहेत का? आमची अख्खी केस तिथेच रुतून बसली होती आणि त्या हॉस्पिटलचं रिसेप्शन आठवलं तरी आजही माझं डोकं तापतं.

आधीचं थोडक्यात सांगते. २०१९ च्या पावसाळ्यात पुणे-बेंगळुरू हायवेला कराडच्या अलीकडे मागून टँकर आला. हे गाडी चालवत होते, मी मागे. ह्यांचं खरचटण्यावर निभावलं, माझा डावा पाय मात्र गुडघ्याखाली चिरडला आणि शेवटी कापावा लागला. मी तेव्हा ३८ वर्षांची, घरातूनच खानावळ चालवायचे, सकाळ-संध्याकाळ डबे, म्हणजे दिवसातला बहुतेक वेळ ओट्यापाशी उभीच. एफआयआर, पंचनामा, टँकरच्या पॉलिसीची कॉपी, वकील मॅडम, क्लेम दाखल करणं, हे सगळं नीट झालं. मधे कोरोनात कोर्ट बंद, तो काळ सगळ्यांचाच गेला. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या बोर्डाने तपासून अपंगत्वाचा दाखला दिला, कायमचं अपंगत्व ६० टक्के.

मला वाटलं आता झालं, दाखला लावायचा आणि निकाल घ्यायचा. तर टँकरच्या इन्शुरन्स कंपनीच्या वकिलांनी सरळ लिहून दिलं की दाखला आम्हाला मान्य नाही, डॉक्टरांनी येऊन सिद्ध करावा, आणि अपंगत्व असलंच तरी बाईंच्या कमाईवर त्याचा एवढा परिणाम नाही, कृत्रिम पाय लावून सगळी कामं करता येतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, मला मॅडमनी ती तीनदा समजावल्यावर कळली. दाखल्यावरचे टक्के म्हणजे शरीराचं नुकसान. कोर्ट पैसे देतं ते कमाईच्या नुकसानीचे, आणि हे दोन आकडे एकच असतील असं नाही. सुप्रीम कोर्टाचा राजकुमार विरुद्ध अजय कुमार म्हणून २०१० चा निकाल आहे, त्यात उदाहरणच दिलंय की डावा हात गेला तर अपंगत्व साधारण ६० टक्के धरतील, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि तोच सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी जाणारही नाही. म्हणजे तुम्ही काय काम करत होता आणि आता त्यातलं काय जमत नाही हे कोर्टापुढे यायला हवं, आणि वैद्यकीय बाजूने ते सांगणार डॉक्टर. त्यातही उपचार केलेले डॉक्टर असतील तर उत्तम, कारण उपचार न करता नुसते दाखले देणाऱ्या डॉक्टरांवर विसंबताना सावध राहा असं त्याच निकालात ट्रिब्युनलना, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टांना, बजावलंय.

म्हणून माझं ऑपरेशन केलेल्या सर्जनना समन्स काढलं. आणि मग सुरू झालं. बेलीफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, गेला तर रिसेप्शनवर घेईनात, सर बाहेरगावी आहेत. दुसऱ्यांदा गेला तर म्हणे लीगलचं सगळं अ‍ॅडमिन बघतं, अ‍ॅडमिनवाले साहेब सोमवारी येतात. सोमवारी गेला तर साहेब मीटिंगमध्ये. शेवटी समन्स घेतलं तर तारखेला डॉक्टर नाहीत, हॉस्पिटलचा माणूस चिठ्ठी घेऊन, इमर्जन्सी ऑपरेशन आहे. पुढची तारीख दोन महिन्यांनी. मी त्या तारखांना जायचे, जिन्यावरून एक एक पायरी चढत, कारण लिफ्ट होती पण ती चालू असेल याची खात्री नसायची, आणि वर बाकावर बसून पुकाऱ्याची वाट बघायची. पुकारा झाला की दोन मिनिटांत संपलं, साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख. खाली उतरेपर्यंत स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, सुजून कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे खोबणीत, रुतायचा, घरी येऊन पाय काढला की मोज्याच्या शिवणीचा वळ तसाच्या तसा उमटलेला असायचा.

मी स्वतः हॉस्पिटलला गेले. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, मावशी, सर कोर्टाची कामं करत नाहीत. मी तिला म्हटलं, बाळा, माझा पाय तुमच्याच सरांनी कापलाय, मी दुसऱ्या कुणाला विचारू? मला राग डॉक्टरांचा नव्हता, त्यांनी जीव वाचवलाय माझा, हे मी कुठेही सांगेन. राग त्या मधल्या माणसांचा होता ज्यांनी वर्षभर माझा निरोपच त्यांच्यापर्यंत जाऊ दिला नाही. कारण पुढे प्रत्यक्ष भेटले तेव्हा डॉक्टरच म्हणाले की मला एकच चिठ्ठी दाखवली होती, तीही ऑपरेशन थिएटरच्या दारात.

बरं, मधेच आठवलं म्हणून सांगते, याच काळात लोकअदालतीत इन्शुरन्सने तडजोडीचा आकडा दिला होता. तो ६० पेक्षाही कमी टक्के धरून काढलेला. घरचे सगळे म्हणत होते घेऊन टाक, किती फिरशील. मी नाही घेतला. लोकअदालत वाईट नाही, ज्यांना योग्य आकडा मिळतो त्यांनी जरूर घ्यावा, पण आकडा कशावरून काढला ते विचारल्याशिवाय सही करू नका.

सुटका झाली ती कोर्ट कमिशनमुळे. मॅडमनी अर्ज दिला की डॉक्टरांची साक्ष कमिशनरमार्फत, म्हणजे साक्ष लिहून घ्यायला कोर्टाने नेमलेल्या माणसामार्फत, हॉस्पिटलमध्येच नोंदवावी. याला आधार परत तोच राजकुमारचा निकाल. बिझी सर्जनला कोर्टात दिवसभर बसवून ठेवलं तर तेवढ्या वेळात तो कितीतरी जीव वाचवू शकला असता, म्हणून जबरदस्ती करण्यापेक्षा कमिशनवर साक्ष घ्या नाहीतर नेमकी वेळ ठरवून बोलवा असं त्यात स्पष्ट लिहिलंय. इन्शुरन्सच्या वकिलांनी हरकत घेतली, पण अर्ज मंजूर झाला. कमिशनरची फी आम्ही भरली आणि ओपीडी संपल्यावरची वेळ ठरली. हा अर्ज पहिली तारीख हुकली तेव्हाच द्यायला सांगा तुमच्या वकिलांना, हाच माझा सगळ्यात मोठा सल्ला.

त्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही इतके जण की खुर्च्या बाहेरून आणाव्या लागल्या. डॉक्टरांनी केसपेपर काढला, एक्स-रे लावून बघितला, दाखला बघितला. मग इन्शुरन्सच्या वकिलांची उलटतपासणी. कृत्रिम पाय लावून पेशंट चालू शकतो हे खरं आहे का? हो. घरातली कामं करू शकतो? काही. मग स्वयंपाक करू शकतो असं म्हणणं बरोबर आहे का? डॉक्टर थांबले, मला म्हणाले पाय काढा. मी सगळ्यांसमोर पाय काढला, मोजे काढले. त्यांनी स्टंपच्या टोकाशी काळी पडलेली, जाड झालेली कातडी दाखवली आणि सांगितलं, घरच्या चार माणसांचा स्वयंपाक बसून करतील, पण सलग पाच-सहा तास उभं राहून, जड भांडी उचलून जो व्यवसाय त्या करत होत्या तो त्यांना आता करता येणार नाही. कमिशनरनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. एवढ्या एका वाक्यासाठी मी वर्षभर थांबले होते, आणि ते ऐकून मला तिथेच रडू आलं.

त्या वाक्याची किंमत किती ते सांगते. कोर्टाने माझी कमाई महिना १२ हजार धरली, तीही डब्याच्या वह्या आणि किराणा दुकानाच्या खातेवहीवरून, त्यामुळे घरगुती धंदा करणाऱ्या बायकांनो, जुन्या वह्या रद्दीत देऊ नका. वर्षाचे १ लाख ४४ हजार. ४० च्या आतल्या स्वयंरोजगारवाल्यांना पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात, ते सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी केसमधल्या २०१७ च्या निकालाप्रमाणे, म्हणजे २ लाख १ हजार ६००. ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा, १५, तो सुप्रीम कोर्टाच्याच सरला वर्मा केसमधल्या २००९ च्या निकालातला. झाले ३० लाख २४ हजार. याचे ६० टक्के म्हणजे १८ लाख १४ हजार ४००. कोर्टाने धरले ८० टक्के, २४ लाख १९ हजार २००. सहा लाखांच्या वर फरक पडला. औषधोपचार, त्रास, वरचं व्याज हे वेगळं.

अजून काही आठवतंय तसं. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायदा बदललाय, अपघातापासून सहा महिन्यांत क्लेम दाखल करायचा असं आता कलम १६६ मध्ये आहे, तेव्हा पेशंट हॉस्पिटलमध्ये असतानाच घरच्या कुणीतरी वकील गाठावा. अपघात लांब झाला असला तरी क्लेम तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्ये टाकता येतो. मेडिकलची बिलं ओरिजिनल ठेवा, झेरॉक्सही काढा कारण थर्मल पेपरची शाई वर्षभरात उडते. आणि पाय किंवा हात गेलेला असेल तर नुसतं आत्ताच्या कृत्रिम पायाचं बिल देऊन थांबू नका. हा पाय जन्मभर पुरत नाही, स्टंप बारीक होत जातो, सॉकेट सैल पडतं, काही वर्षांनी पाय बदलावाच लागतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा बदलाचा आणि देखभालीचा खर्चही दिलेला आहे. पाय बनवणाऱ्याकडून एस्टिमेट लेटरहेडवर घ्या आणि त्यालाही साक्षीदार करा. आमचा पायवाला पहिल्याच तारखेला वेळेवर हजर होता, स्वतःची बॅग घेऊन, आणि त्याची साक्ष अर्ध्या तासात आटोपली.