काढलेले नळे

आमच्या देवगड तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत शिरा, उघड्या दारांपेक्षा कुलपंच जास्त दिसतील. चाकरमानी गणपतीला येतात, अनंत चतुर्दशी झाली की दार ओढून घेतात, आणि पुढे शिमगा किंवा मे महिन्यापर्यंत घर वाळवीच्या ताब्यात. मी इथली पोलीस पाटील. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली प्रांतसाहेबांनी नेमलेली. 2024 साली आमचं मानधन साडेसहा हजारांवरून 15,000 झालं, पण लोकांच्या लेखी मी अजून 'पोलिसांक फोन करणारी बाई'च आहे.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळीच वरच्या वाडीतल्या काकींचा फोन. "गो, शेजारच्या घराच्या पाटल्या बाजूचे नळे काढलले दिसतत. बेगीन ये." नळे म्हणजे छपराची कौलं. मी पोचेपर्यंत निम्मी वाडी खळ्यात, म्हणजे अंगणात, जमली होती. आधी सगळ्यांना बाहेरच थांबवलं. आपल्याकडे चोरी झाली की चोराच्या पाठोपाठ अख्खा गाव घरात फिरून येतो आणि मग पोलिसांना ठसे कुठून मिळणार? बीट हवालदार आले, दोन पंच घेतले, मालकाला नालासोपाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, कुलूप तोडलं.

कोठीच्या खोलीत तांब्याची भांडी होती, ती गेलेली. किती आणि कुठली, ते मालकाला सांगता येईना. "असतील दोन-तीन हंडे, आईलाच माहीत होतं." सांगितलं ते काकींनी. हंडो, घंगाळ, दोन कळश्यो, पितळेची समई. "हंडो माज्या लग्नात तेंच्याकडसून आणललो. काठार तेंच्या आजाचा नाव घातलला आसा, आणि 'वि'ची वेलांटी उलट्या अंगाक." हवालदारांनी उलटी वेलांटी तशीच लिहून घेतली. सोन्याच्या साखळीचा फोटो असतो, हंड्याचा कोण काढतो? शेजारणीची आठवण हाच पुरावा.

बाहेर तोवर चोर ठरला होता. कोणीतरी मोबाईलवर आलेला 'टोळी फिरतेय, सावध राहा' असा मेसेज मोठ्याने वाचून दाखवत होता. गाव, तारीख, काही नाही. आणि बोट होतं आंब्याच्या कलमांच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळ्यांकडे. "रात्रभर बॅटरी घेऊन फिरतत. तेंचाच काम." दोन पोरं काठ्या घेऊन निघालीसुद्धा होती. मी वाट अडवली आणि गडचिंचल्याचं नाव घेतलं. 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यातल्या त्या गावात चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारलं, पोलिसांच्या डोळ्यांदेखत. तिथलीही पोरं आपल्या मते राखणच करत होती.

काठ्या खाली गेल्या, पण नजरा तशाच.

मग एक म्हातारे म्हणाले, देवाला कौल लावू. आमच्याकडे हे नेहमीचं. लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं विचारलं जातं. पण कौल म्हणजे देवाला लावलेली पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे, हो किंवा नाही. नाव विचारणाऱ्यानेच पुढे करायचं. मी काही बोलले असते तर 'बाईक देवाचा काय पडलला नाय' एवढंच झालं असतं. गुरवच बोलले. "नाव तुमी घालतलास, देव नुसतो हो नायतर नाय म्हणतलो. उद्या तो निर्दोष निघालो तर पाप कोणाच्या माथ्यार?" देवळाकडे वळलेली माणसं परत खळ्यात आली.

मी पुन्हा आत गेले, तेव्हा हवालदार वर बघत उभे होते. नळे काढले होते तिथून उन्हाचा चौकोन खाली पडला होता, आणि बरोबर त्याच्याखाली सारवलेली जमीन उखडलेली. पागोळ्यांनी पडतात तसे ओळीने खळगे, कडेला वाळून तडकलेला चिखल, भिंतीवर मातीचे शिंतोडे. वरचे नळे जागच्या जागी असताना तिथे पाणी येणं शक्य नव्हतं. म्हणजे नळे निघाल्यावर त्या भोकातून पाऊस आत पडला होता. आणि आमच्याकडे पाऊस ऑक्टोबरात गेला, थंडीत अवकाळी थेंबही नव्हता. चोरी झाली ती चाकरमानी गेल्यावर आणि पाऊस संपायच्या आत. नेपाळी कामगार त्या बागेत आले डिसेंबरात. त्यांच्या आधारकार्डांच्या प्रती बागवाल्याने ते आले त्याच आठवड्यात माझ्याकडे दिल्या होत्या, त्या मी पोलीस ठाण्यात पोचवल्या होत्या. हवालदारांनी खळगे टेपने मोजले, फोटो काढले, पंचनाम्यात घेतले. खळ्यातल्या लोकांना बोलावून एकेकाला ते दाखवले. कोणी काही म्हणालं नाही, पण काठीवाल्यांतला एकजण बराच वेळ वर बघत राहिला.

दुपारी मालकाचा फोन. त्याने घेतलेलं संशयिताचं नाव वेगळंच. "माझ्या चुलतभावाचं घाला. गणपतीत पडवीवरून भांडण झालं होतं." भाऊबंदकी ही कोकणातल्या बंद घरांची खरी मालकीण, सामायिक घराची चावी शेजारी द्यायची नाही, कारण शेजारी म्हणजेच हिस्सेदार. मी सांगितलं, संशय असेल तर तक्रारीत स्वतः लिहा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तक्रार मोबाईलवरूनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. सहीचं ऐकल्यावर भाऊ निर्दोष झाला. तक्रार आली ती अज्ञात चोराविरुद्ध.

संध्याकाळी देवळात सभा झाली. सगळ्यांना कॅमेरे हवे होते. कॅमेरे लावा, पण पावसात चार-चार दिवस लाईट नसते तेव्हा ते काय बघणार? मला वही हवी होती. कुठलं घर बंद, मालकाचा नंबर कोणता, चावी कोणाकडे, बागेत बाहेरचं कोण कामाला, भंगारवाल्याच्या टेम्पोचा नंबर काय. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक बंद घराला बाहेरून फेरी, नळ्यांसकट. ग्रामरक्षक दलाची तरतूद कायद्यात कधीपासून आहे. खाली बंदरावर सागर रक्षक दल चालतंच. संशयास्पद माणूस दिसला तर 112, समुद्रात बोट दिसली तर 1093. हात कोणी लावायचा नाही, हे मी ठरावातच लिहून घेतलं. त्यावर थोडी कुरकुर झाली.

हंडा अजून मिळालेला नाही. हवालदारांनी भंगाराच्या दुकानांत उलट्या वेलांटीचं वर्णन देऊन ठेवलंय, पण तांबं वितळायला काय वेळ लागतो!

फेरी मात्र सुरू झाली. शिमग्याच्या आधी एका रात्री पोरांना खालच्या वाडीतल्या बंद घरात उजेड दिसला. त्यांनी काठ्या न उचलता मला फोन केला, मी वही उघडून मालकाचा नंबर लावला, तर रिंग घरातच वाजली. मांडवी एक्सप्रेस उशिरा आली, शेवटची एसटी धरून गृहस्थ न सांगता येऊन पोचले होते. "माझ्याच घरात मी आलो ते तुम्हाला कळवायचं?" म्हणून माझ्यावरच डाफरले. मी म्हटलं, होय, कळवायचं. आणि चावी कोणाकडे ठेवणार तेही सांगा, रकाना रिकामा आहे.