गुंत्याची निगा

डोक्यावर ड्रेडलॉक्स, म्हणजे मुद्दाम गुंतवून दोरासारख्या केलेल्या बटा, असल्या की पहिला प्रश्न येतो, "धुतेस का गं?" दुसरा जरा आवाज खाली आणून, "उवा?" धुते. उवा नाहीत. उलट मोकळे केस घेऊन हिंडत होते तेव्हा त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाही, आणि आता माझा अर्धा रविवार त्यांच्यात जातो. हे कुणालाच पटत नाही. गुंता म्हणजे आळस, हे आपल्या डोक्यात आई मान घट्ट धरून फणी फिरवते तेव्हाच बसतं.

ज्यांचे केस जन्मतःच घट्ट कुरळे, त्यांचे नुसता पीळ घालत राहिलं तरी हळूहळू बसतात. खोबरेल तेलावर वाढलेल्या आपल्या सरळ केसांना गुंतवून ठेवायला मेहनत लागते. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर सीझनमध्ये ड्रेड्स करून देणारे भेटतात, मी तिथेच करून घेतले. आधी टाळूचे चौकोन पाडायचे, तेही भिंतीतल्या विटांसारखे सांधा चुकवून, म्हणजे भांगाच्या रेघा दिसत नाहीत. मग एकेका चौकोनातले केस ताणून धरायचे आणि बारीक दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे उलटे विंचरायचे. त्यानंतर क्रोशाची सुई. पाऊण मिलिमीटरची सुई आतबाहेर करत एकेक सुटा केस बटेच्या पोटात ओढायचा. चाळीस-पन्नास बटांना अख्खा दिवस जातो. माझं डोकं ठणकत होतंच, पण खरी दया त्या सुईवाल्या मुलीच्या मनगटाची येत होती.

माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. एरवी त्यांची गुंतवळ होते आणि केसांवर भांडी देणारी बाई दारात आली की तिच्या पिशवीत जाते. माझ्याकडून तिला आता काही मिळत नाही. गळलेला केस बटेतच अडकून राहतो आणि त्यावरच बट जाड होते. पहिले काही महिने बटा वाटेल तशा उभ्या राहतात, आखडतात, मध्येच फुगतात. नीट घट्ट व्हायला वर्षभर तरी लागतं. तोवर हेल्मेटचं काय करायचं, हे पुण्यात राहणाऱ्याने आपलं आपण ठरवावं.

निगा म्हणावी तर धुणं सोपं आहे, वाळवणं अवघड. शाम्पू पाण्यात पातळ करून फक्त टाळूला लावायचा आणि फेस बटांतून वाहू द्यायचा. कंडिशनर नको, त्याने गाठी सुटतात. मेण तर नकोच, ते आत बसतं आणि धूळ धरून ठेवतं. मग पंच्यात बटा पिळायच्या आणि उन्हात किंवा टेबलफॅनसमोर बसायचं. वरून कोरडी लागणारी बट आतून ओली असते. तशीच बांधून झोपलं तर आत बुरशी धरते आणि कुबट वास येतो, तो मग काही केल्या जात नाही. जुलैत हे फार जपावं लागतं.

शेवटचं काम मला सगळ्यात आवडतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, आणि मुळाशी आलेले हे नवे केस शेजारच्या बटेशी सलगी करायला लागतात. म्हणून धुतल्यावर दोन-दोन बटा धरून मुळापर्यंत फाडत न्यायच्या. बारीक टरटर आवाज होतो. हे काही महिने केलं नाही तर बटा एकमेकींत मिसळतात आणि डोक्यावर एकच गठ्ठा उरतो. म्हणजे जट.

कोल्हापूरकडच्या मावशीआजीने मला पहिल्यांदा पाहिलं आणि हातच जोडले. "आई यल्लम्मा," म्हणाली. हसू आलं, पण तिचं काही चुकलं नव्हतं. तिने उभ्या जन्मात पाहिलेली जट अशीच येते: केस गुंततात, कुणीतरी ती देवीची आहे म्हणतं, आणि त्या दिवसापासून तिला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही. भंडारा मात्र लावायचा. वजनाने मान दुखते, आत उवा होतात, बाई कुशीवर नीट झोपू शकत नाही. कितीतरी मुली या जटेपायी सौंदत्तीच्या यल्लम्माला देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांच्यासारख्या कार्यकर्त्या गावोगाव जाऊन अशा जटा कापतात. कापायला वेळ लागत नाही. बाईला आणि तिच्या घरच्यांना "कोप होणार नाही" हे पटवण्यात दिवस जातात.

जमैकात कात्रीची गोष्ट नेमकी उलटी आहे. १९३० साली इथिओपियात रास तफारी हा हैले सेलासी नावाने सम्राट झाला आणि जमैकातल्या गरीब काळ्या माणसांना त्याच्यात देव दिसला. या रास्ताफारींपैकी अनेकांनी पुढे बायबलमधल्या व्रतस्थांप्रमाणे डोक्याला वस्तरा लावू दिला नाही. त्यांचा आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल स्वतःला 'गंगुनगुरू माराघ' म्हणवत असे. १८४५ पासून तिथे ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांचा वास त्या नावाला येतो. जटाही साधूंकडूनच गेल्या असं काहीजण म्हणतात, काहीजण केनियात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या माऊ माऊ बंडखोरांकडे बोट दाखवतात. ते काही असो. १९६३ साली कोरल गार्डन्सच्या हिंसाचारानंतर पोलिसांनी रास्ताफारींची धरपकड केली आणि कित्येकांच्या जटा जबरदस्तीने कापल्या. सरकारने त्याची माफी मागितली २०१७ साली. तिथे कात्रीने अपमान केला, इथे ती बाईची मान मोकळी करते. माझ्या बाबतीत तिला काहीच काम नाही, म्हणून तर मला ही चैन परवडते.

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांना मात्र ते बघवत नाही. दिसले की विचारतात, "ताई, कधी उडवायचं?" पावसाळा संपू दे, बघू, म्हणते. आई म्हणते, उडवू नकोस, पण निदान तेल तरी लाव.