कोरं कार्ड

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या बालवाचनालयात शाळेत जाणारं एकही मूल नसतं. घरीच शिकणाऱ्या मुलांचं वाचन-आव्हान म्हणून तेव्हाच ठेवलंय. जूनच्या मध्यात शाळा उघडल्या की गर्दी ओसरते. जुलैत सुरू करायचं आणि सहा आठवड्यांत आटपायचं. पुस्तकं पंधरा दिवसांनी बदलतात, म्हणजे तीन फेऱ्या होतात. त्याहून लांबवलं की कार्डं हरवायला लागतात.

कार्ड जाड कार्डशीटचंच हवं. साधा झेरॉक्सचा कागद पावसात पिशवीतल्या पिशवीत लगदा होतो. त्यावर सोळा चौकोन, आणि कुठलेही बारा भरले की आव्हान पुरं. चौकोनात पुस्तकाचं नाव नसतं, काम असतं. ‘मोठ्यानं वाचून दाखव.’ ‘तुझ्या जन्माआधी छापलेलं काहीतरी वाच.’ (‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.) ‘पुस्तकात नसलेलं छापील काहीतरी’, म्हणजे लाइट बिल, एसटीचं वेळापत्रक, बियाण्याचं पाकीट. ‘एकाच प्राण्यावरची दोन पुस्तकं वाच आणि ती कुठे वेगळं सांगतात ते शोध.’ आणि ‘वीस पानांनंतर सोडून दिलेलं पुस्तक, का सोडलंस?’ हा शेवटचा पालकांना खटकतो आणि मुलं आधी तोच भरतात. पानं किंवा पुस्तकं मोजली की मुलं कपाटातली सगळ्यात बारीक पुस्तकं उचलतात, म्हणून मोजणी नाही. भिंतीवर नावांचा तक्ताही नाही. मागे पडलेलं मूल तो पाहून यायचंच बंद होतं.

यंदाच्या दुसऱ्या फेरीला एक भावंडांची जोडी आली. धाकटा सहा वर्षांचा, त्याचे नऊ चौकोन भरलेले. ताई अकरा वर्षांची, तिचं कार्ड कोरं. वडील सोबत होते आणि त्यांचा चेहरा निकालाच्या दिवशी असतो तसा.

मी कार्ड तपासताना प्रश्नोत्तरं करत नाही. गोष्टीचं तात्पर्य विचारलं की वाचन पुन्हा अभ्यासात जमा होतं, आणि या मुलांच्या घरी शिकवणारे आई-वडीलच असल्यामुळे ते तसंही पटकन होतं. मी एवढंच म्हणते, “यातलं तुझं पान दाखव.” वाचलेलं मूल थेट तिथेच उघडतं.

धाकट्यानं मगरीचं पान उघडलं आणि घसा खरवडून मगरीचं वाक्य म्हटलं. मध्ये नेमका थांबला, मग उरलेलं. चित्र बघून पाठ म्हणत होता, पण तो थांबा स्वल्पविरामावरचा होता. पुस्तकातून कॅलेंडरच्या कागदाच्या बारीक चिठ्ठ्या डोकावत होत्या. एकीवर ‘म’, एकीवर ‘आ’, एकीवर ‘दोघं’.

“या कुणी लावल्या?”

“ताईनं. म म्हणजे मगर, आ म्हणजे आजी. ताई आवाज बदलते ना.”

ताईला विचारलं, तर म्हणाली, “माझं काही वाचूनच झालं नाही, काकू. रोज रात्री त्याचीच वाचली. तीच तीच परत.”

ऐकणाऱ्याइतकाच वाचणाऱ्यालाही चौकोन मिळतो, हे कार्डाच्या मागे छापलेलं आहे. मागची बाजू कोण वाचतं म्हणा! तिथेच बसून आम्ही तिचे चौकोन भरायला घेतले. मोठ्यानं वाचलं होतंच. मगरीवरची दोन पुस्तकंही झाली होती: “एकात मगर अंडी घालून निघून जाते, दुसऱ्यात राखण करत बसते. राखण करते तेच खरं.” बरोबर आहे, मगरीची मादी घरट्यावर पहारा देते. मग सोडून दिलेलं पुस्तक. “यात सगळे एकदम बोलतात. कोण बोलतंय ते वाक्य संपल्यावर कळतं, तोवर आवाज चुकीचा लागलेला असतो.” एवढं नेमकं परीक्षण मोठ्यांकडूनही क्वचित ऐकायला मिळतं.

“पण मॅडम, ही पहिलीची पुस्तकं आहेत,” वडील म्हणाले. त्यांची अडचण मला कळते. शाळेत न जाता देता येणारी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएसची) दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देता येत नाही. तोवर अनेक घरांत गुणपत्रिका नसते आणि मूल शिकतंय याचा पुरावा पालकांना हवा असतो. मी त्यांना तिच्या हातात पुस्तक देऊन ऐकायला सांगितलं. घरात वाचन बहुतेक इंग्रजीत, त्यामुळे जुलैच्या सुरुवातीला ही मुलगी ‘प्रसिद्ध’, ‘उत्कृष्ट’ अशा जोडाक्षरांवर अडखळायची. तोच मजकूर रात्रीमागून रात्री वाचला की शब्द सुटा सुटा जुळवावा लागत नाही, नजर पुढे धावते. ती आता न थांबता वाचत होती, तेही अवतरणचिन्ह बघून आवाज बदलत.

मग त्यांनी पुस्तकामागे दहा रुपये द्यावेत का, असं विचारलं. मी १९७३ सालचा प्रयोग सांगितला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी मुळातच चित्रं काढायला आवडणारी लहान मुलं घेतली. काहींना आधीच प्रमाणपत्र कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांचं चित्र काढणं कमी झालं. ज्यांना ते अचानक मिळालं त्यांचं झालं नाही. आमच्याकडे आव्हान पुरं करणारं मूल अडीचशे रुपयांपर्यंतचं एक पुस्तक वाचनालयासाठी निवडतं. हेही बक्षीसच, मान्य. पण त्यातून पुन्हा पुस्तकच निघतं.

तिसऱ्या फेरीसाठी तिनं “खूप आवाज असलेलं, पण गोंधळ नसलेलं” मागितलं. बालनाटिकांचं पुस्तक दिलं. कोण बोलतंय ते त्यात डावीकडे छापलेलंच असतं. वडिलांनी तिच्यासाठी एक जाडजूड विज्ञानकोशही नोंदवून घेतला. तो बहुधा वीस पानांच्या चौकोनात जाणार.