सल्फरच्या एका आकड्यासाठी सव्वा महिना

जळगाव एमआयडीसीत आमची सरकीची तेल गिरणी आहे, बॉयलर फर्नेस ऑइलवर चालतो. यंदा कन्सेंटचं, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीचं, नूतनीकरण होतं. फी, नकाशा, पाण्याचा हिशोब चार दिवसांत उरकला. अडलं ते एका रकान्यात: इंधनात सल्फर किती टक्के?

डीलरच्या कागदावर 'कमाल ४.०' होतं, तेच भरलं. अर्ज परत, चिमणी कमी उंच म्हणून. मी हिशोब मांडला. तासाला ५० किलो तेल, ४ टक्के म्हणजे २ किलो गंधक, जळून दुप्पट, म्हणजे ४ किलो सल्फर डायऑक्साइड. त्या ४ चा ०.३ घात काढून १४ ने गुणायचं. उत्तर म्हणजे चिमणीची किमान उंची: २१.२ मीटर. आमची चिमणी २० मीटर!

पण 'कमाल' ही मानकातली मर्यादा, माझ्या टँकरमधल्या तेलाचा आकडा नव्हे. डीलर एकच सांगायचा, "भाऊ, सगळ्यांना हाच कागद देतो." यात तीन आठवडे गेले. शेवटी नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला: 'मानकानुसार योग्य'. आकडाच नाही! पैसे भरूनही आकडा नाही, याची चीड अजून जात नाही. पुन्हा फी भरली, या वेळी 'सल्फर टक्क्यांत लिहा' असं लेखी दिलं. २.८ आलं. लागणारी उंची १९.१ मीटर, अर्ज मंजूर.

नमुना टँकर रिकामा व्हायच्या आधीच घ्या, डीलरच्या माणसासमोर, दोन डब्यांत, सील करून. एक डबा स्वतःकडे ठेवा. हे मला भाच्याने सांगितलं, तो जहाजावर इंजिनिअर आहे. जहाजात तेल भरताना पावतीवरच सल्फरचा टक्का असतो, सीलबंद नमुना निदान १२ महिने आणि पावती ३ वर्षं जपतात. १ जानेवारी २०२० पासून स्क्रबर (धुरातलं सल्फर धुऊन काढणारं यंत्र) नसलेल्या जहाजांना ३.५० ऐवजी ०.५० टक्क्यांचीच मर्यादा आहे. समुद्रावर पावतीत लिहिता येतं, ते जळगावात का नाही?

आणि हो, चिमणीचा तळ तपासा. बॉयलर बंद झाला की आत दव धरतं, त्यात सल्फ्युरिक आम्ल असतं. आमच्या पत्र्याचे बोट लावताच पापुद्रे निघाले.

पुढच्या ऑर्डरवर मी लिहिलं: पावतीवर आकडा नसेल तर व्हॉल्व्ह उघडणार नाही. मंगळवारी टँकर आला. पावतीवर पेनाने लिहिलेलं होतं: २.९.