टिकलीखालचा दिवा

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक जुना राऊटर आहे. त्याला दिवा एकच, हिरवा, साबुदाण्याएवढा. त्यात ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राऊटरसाठीची लिनक्सवर बेतलेली मोफत सिस्टीम, घालायचं खूळ मी घेतलं आणि या दिव्यामागे दोन रात्री गेल्या.

बोर्डावर कुठल्या पिनेला काय जोडलंय, हे लिनक्सला डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमधून कळतं. तिच्यात दिव्याचं नाव-गाव लिहायचं आणि मग त्याला कामं नेमून द्यायची: बूट (सुरू होणं), फेलसेफ (काही बिघडलं तर दुरुस्तीपुरतं सुरू होणं), रनिंग, अपग्रेड. दिवे चार असतील तर वाटून द्या, नाहीतर चारही एकाच्याच गळ्यात. कामं ओळखायची ती लुकलुकण्याच्या चालीवरून. सुरुवातीला दिवा १०० मिलिसेकंद चालू, १०० बंद. याच वेळात बटण दाबलं की फेलसेफ, मग चाल ५०ची, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, अगदी कावराबावरा. बटण नाही दाबलं तर २००ची निवांत चाल, आणि सगळं सुरळीत झालं की स्थिर.

माझा दिवा छान लुकलुकला, चाल बदलली, आणि विझला. थांबलो. प्लग काढून पुन्हा लावला. पुन्हा तेच. गेला राऊटर, असं म्हणून तिसऱ्या खेपेला स्क्रू काढले, सिरियल केबलने राऊटर कॉम्प्युटरला जोडला, तर पडद्यावर ओळ: एंटर दाबा, कन्सोल सुरू होईल. आत सगळं ठणठणीत!

भानगड पिनेची होती. पुष्कळ बोर्डांवर दिव्याचं एक टोक थेट विजेला जोडलेलं असतं, त्यामुळे पिनेवर शून्य आलं की तो पेटतो. फाइलमध्ये तिथे 'ॲक्टिव्ह लो' लिहायचं असतं. मी 'हाय' लिहून बसलो होतो. गंमत अशी, की लुकलुकताना ही चूक दिसतच नाही. चालू-बंद उलटं केलं तरी लुकलुक तीच! खोटं उघडं पडतं ते दिवा स्थिर होतो तेव्हा.

शब्द बदलला, दिवा लागला. मग हौस म्हणून त्याला 'हार्टबीट' लावलं: दोन झटपट ठोके, थोडी उसंत, पुन्हा दोन. प्रोसेसरवर भार वाढला की ठोकेही वाढतात. मी कौतुकाने आईला दाखवलं. ती हॉलमध्येच झोपते.

"रात्रभर असंच धडधडणार का रे हे?"

मी मुकाट्याने पुन्हा स्थिर केला. तरी सकाळी पाहतो तर दिव्यावर मरून टिकली चिकटवलेली.

आता नेट गेलं की मी स्टुलावर चढतो आणि नखाने टिकलीची कड उचलून बघतो.