तुम्ही विचारलंत म्हणून: चकाचक प्रायव्हेट सोडून पुणे विद्यापीठात कशाला?

रिझल्टचा सीझन आला की हा प्रश्न मला हमखास येतो, कधी नातेवाईकांकडून, कधी सोसायटीतल्या काकांकडून. तू विद्यापीठातून एमएस्सी केलीस ना, मग सांग बरं, आजूबाजूला एवढ्या एसी क्लासरूमवाल्या युनिव्हर्सिट्या असताना पोरांनी त्या जुन्या सरकारी ठिकाणी का जावं, फी कमी आहे एवढंच ना?

फी कमी आहेच, आणि ते 'एवढंच' नाहीये हो. वर्षाची फी हजारांत आहे का लाखांत, यावर आमच्या सिन्नरकडच्या कितीतरी घरांत पोरगी पुढे शिकणार की नाही ते ठरतं. वर 'कमवा आणि शिका' योजना असते, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली कल्पना, दिवसातले काही तास काम करायचं आणि मेसच्या खर्चाला हातभार लावायचा. पण समजा पैशाचा प्रश्नच नाहीये, तरीही मी तेच नाव सांगेन, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

आधी एक घोळ मिटवू. 'पुणे विद्यापीठातून केलं' म्हणणारे बहुतेक जण कधी कॅम्पसवर शिकलेलेच नसतात, ते पुणे, नाशिक, नगरकडच्या संलग्न कॉलेजांतून शिकलेले असतात, मीही बीएस्सी तशीच केली. तिथे सिलॅबस एक जण ठरवणार, शिकवणार दुसराच, पेपर काढणार तिसराच. कॅम्पसवरच्या डिपार्टमेंटमध्ये एन्ट्रन्स देऊन जायचं, आणि मग जो शिकवतो तोच पेपर काढतो, तोच तपासतो. ऐकायला छोटी गोष्ट वाटते पण गाइड पाठ करून पास व्हायची सवय पहिल्याच सेमिस्टरला मोडते, कारण गाइडच नसतं.

आता खरी गंमत, म्हणजे शेजार. गणेशखिंडीतला चारशेहून जास्त एकरांचा कॅम्पस, मधोमध गव्हर्नरचा जुना बंगला (१८९७ साली इथलाच व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचा सोहळा उरकून निघालेल्या प्लेग अधिकारी रँडला चापेकरांनी रस्त्यात गाठलं), १९४९ साली विद्यापीठ सुरू झालं. आणि याच आवारात खगोलशास्त्राचं केंद्र आयुका आहे, रेडिओ लहरींनी आकाश बघणारी एनसीआरए आहे, पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस आहे, आणि ज्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम सुपरकॉम्प्युटर बनवला तीसुद्धा इथेच वाढली. आदित्य एल-१ यानावरची सूर्याचे फोटो काढणारी दुर्बीण आयुकाने बनवली. नाशिकहून एसटीने येताना तमाशाच्या पंढरीला, म्हणजे नारायणगावला, खोडदचा फाटा लागतो, तिकडे आत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत, म्हणजे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ती एनसीआरएवाले चालवतात. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या डिश अखंड पत्र्याच्या न करता ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीच्या केल्या, वजन कमी, वारा आरपार, खर्चही कमी. लहानपणापासून त्या फाट्यावरून गेलेय, पण तिथे काय चालतं ते कळलं कॅम्पसवर आल्यावरच.

तुम्ही म्हणाल या संस्था विद्यापीठाच्या थोड्याच आहेत. कागदोपत्री नाहीत, बरोबर. पण आयुका १९८८ मध्ये निघालीच मुळी याच्यासाठी. शास्त्रज्ञ यशपाल तेव्हा यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, अध्यक्ष होते, आणि संशोधन वेगळ्या संस्थांत आणि शिकवणं विद्यापीठांत अशी जी फाळणी झाली होती ती त्यांना खटकत होती. मग मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था सोडून खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर पुण्यात आले आणि देशभरातल्या विद्यापीठांसाठी हे केंद्र उभं राहिलं. म्हणजे एमएस्सीच्या पोराने तिथे जाऊन बसावं हीच मूळ योजना आहे, कोणी उपकार करत नाही.

मी आयुकातल्या माझ्या पहिल्या सेमिनारला गेले तेव्हा तिसऱ्या स्लाइडनंतर काहीही कळलं नाही. पण मागच्या रांगेतल्या एका पिकल्या केसांच्या शास्त्रज्ञांनी हात वर करून इतका साधा प्रश्न विचारला की मला वाटलं आता हसतील लोक, तर बोलणारा थांबला, विचार केला आणि म्हणाला, हे अजून कोणालाच माहीत नाही. आमच्या कॉलेजात 'माहीत नाही' म्हटलं की बेंचवर उभं करायचे! इथे त्याच्यावर लोक पाच-पाच वर्षं काम करतात, आणि नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप असते, त्यामुळे पीएचडी म्हणजे घरावर बोजाच असं काही नाही.

दुसरं म्हणजे मेसच्या टेबलावर पाली शिकणारा, ललित कला केंद्रातला नाटकवाला आणि बायोइन्फर्मेटिक्सवाली एकत्र बसतात. नाटकवाल्याला मी ब्लॅक होल समजावून सांगायचे आणि सांगताना कळायचं की मलाच धड समजलेलं नाही.

आता दुसरी बाजू. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत प्राध्यापकांच्या बऱ्याच जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, हॉस्टेल सगळ्यांना पुरत नाही, ऑफिसातलं एक सर्टिफिकेट काढायचं तर चिकाटी लागते. प्लेसमेंटचा आकडा बघून अ‍ॅडमिशन घ्यायची असेल तर खुशाल दुसरीकडे जा, त्यात वाईट काहीच नाही. आणि इथे कोणी हाताला धरून सेमिनारला नेत नाही. दोन वर्षं आयुकाच्या गेटवरून रोज जाऊन एकदाही आत न गेलेले माझ्याच वर्गात होते.

त्यामुळे माहितीपत्रकं आणि रँकिंग राहू दे बाजूला. एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी पाचनंतर डिपार्टमेंटमध्ये जा, लॅबचे दिवे चालू आहेत का बघा, कुठल्याही पीएचडीवाल्याला पकडून विचारा की पीएचडीचे गाइड, म्हणजे मार्गदर्शक, भेटतात का, प्राध्यापकांच्या किती जागा भरलेल्यात, प्रोजेक्ट बाहेरच्या संस्थेत करू देतात का. चहा पाजलात तर सगळं खरं खरं सांगतील. आणि काका, तुम्ही गाडीतच थांबा, विचारू दे तुमच्या पोरालाच.