ॲपलचा जुना शेअर, खोटे पैसे आणि मध्येच चालू होणारा क्यूब

आमच्या जुन्या शेअरच्या खेळात मागच्या वेळी 1997 च्या ऑगस्टपर्यंत आलो होतो, तिथून पुढचं आता टाकतोय. उशीर झाला कारण मध्ये माझ्या क्यूबचा (ॲपलचा जुना कॉम्प्युटर) पॉवर अडॅप्टर गेला, ते रडगाणं खाली आहे.

नवीन मंडळींसाठी पटकन सांगतो. रविवारी सकाळी मी, काका (बँकेतून रिटायर, आयुष्यभर लोकांचे ताळेबंद वाचलेले) आणि मेव्हणा (प्रेसमध्ये मॅकवर पानं लावण्यात पंधरा वर्षं गेली) असे तिघं बसतो आणि जुन्या तारखांना ॲपलचा शेअर घ्यायचा की विकायचा यावर भांडतो. प्रत्येकाला खोटे 10,000 डॉलर. पुढे काय झालं ते सगळ्यांनाच माहितीये, त्यामुळे नियम एकच, चिठ्ठीवर जे कारण लिहाल त्याचा कागद त्या तारखेच्या आधीचा पाहिजे. एसईसीच्या (अमेरिकेचं सेबी) साईटवर कंपन्यांचे जुने टेन-के, म्हणजे वार्षिक अहवाल, फुकट मिळतात, ते प्रिंट काढून बाइंड करून घेतलेत, बायको त्याला पोथी म्हणते.

तर 6 ऑगस्ट 1997. मायक्रोसॉफ्टने 15 कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं आणि शेअर एका दिवसात 19.75 वरून 26.31 वर. मी आणि मेव्हण्याने तिथेच 380-380 शेअर उचलले. काकांनी आदल्या वर्षीचा 81.6 कोटींचा तोटा दाखवला आणि हात आखडता घेतला. पुढची तीन वर्षं काकांची आम्ही यथेच्छ चेष्टा केली, आयमॅक आला, तोट्याचा नफा झाला, जून 2000 ला एकाचे दोन शेअर झाले म्हणजे आमचे प्रत्येकी 760.

आणि मग क्यूब. 19 जुलै 2000 ला दाखवला, किंमत 1,799 डॉलर, मॉनिटर वेगळा. माझ्याकडे तोच आहे म्हणून मी जरा हळवा होतो हे कबूल. आठ इंची डबा, काचेसारख्या ॲक्रिलिकमध्ये अधांतरी ठेवल्यासारखा. पंखाच नाही, गरम हवा वरच्या जाळीतून आपोआप निघून जाते. उलटा करून खालचं हँडल दाबलं की हँडल वर येतं आणि अख्खं मशीन हातात, विहिरीतून बादली काढावी तसं. मी चिठ्ठीत लिहिलं, असं मशीन बनवणाऱ्या कंपनीचा शेअर विकायचा नसतो.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, हे शोकेसमध्ये ठेवायला मस्त आहे, पण प्रेसमध्ये कोण घेईल? जादाची कार्डं कुठे घालू? त्याच उन्हाळ्यात 1,599 ला ॲपलचाच मोठा डबा, जी4 टॉवर, होता ना." पुढे त्याने सीडीचं काढलं. तेव्हा पीसीवाले सीडी राइट करायला लागले होते आणि ॲपल डीव्हीडी ड्राइव्ह देत होतं ज्यावर फक्त पिक्चर बघा. मुद्दा बिनतोड, पण विकले त्यानेपण नाहीत! यावर काका जे हसलेत.

28 सप्टेंबरला बाजार बंद झाल्यावर कंपनीने सांगितलं की सप्टेंबरची विक्री ढिली आहे, शाळा-कॉलेजची मागणी कमी आणि क्यूबची सुरुवात अपेक्षेपेक्षा थंड. दुसऱ्या दिवशी 53.50 चा शेअर 25.75. आमचे 40,660 एका रात्रीत 19,570. काकांचं म्हणणं इथे मला पटलं, ते म्हणाले मशीन कसं आहे यावर तुम्ही दोन रविवार घालवलेत, डीलरच्या गोडाऊनमध्ये किती पडलीयेत हे एकाने तरी विचारलं का. कंपनीच्या वहीत माल डीलरकडे गेला की विक्री, गिऱ्हाईक येवो न येवो. मी घाबरून सगळं विकलं.

काका डिसेंबर 2000 च्या शेवटी उतरले, 14.88 ला, 672 शेअर. कारण: सुमारे 4 अब्ज डॉलर रोकड, साधारण 33-34 कोटी शेअर, म्हणजे शेअरमागे बारा डॉलर नुसता गल्ला. वाचायला एकदम भारी.

आता क्यूबचं रडगाणं. ज्याच्याकडून घेतला त्याने "वर्किंग" सांगितलेलं, अडॅप्टर आठवड्यात मेला. दुसरा मिळेपर्यंत दीड महिना. घड्याळाची 3.6 व्होल्टची छोटी बॅटरी बदलली. स्क्रूपाशी बारीक रेघा आहेत, ज्यांना तेव्हा लोक तडे म्हणायचे आणि कंपनी साच्याच्या खुणा म्हणायची, मी भिंगातून बघून तडेच म्हणतो. वरचा टचचा स्विच अजून लहरी आहे, कोणी हात न लावता मशीन जागं होतं. जुलै 2001 ला कंपनीने क्यूब थांबवला, सुमारे दीड लाखच विकले गेले, पण निवेदनात पुन्हा आणायची थोडीशी शक्यता आहे असं लिहिलेलं, मेव्हण्याने ते वाक्य मला तीनदा वाचून दाखवलं.

सध्या मुक्काम 17 एप्रिल 2003, भाव 13.12. ॲपल एक म्युझिक कंपनी विकत घेणार अशा बातम्यांनी शेअर पडलाय. तिमाहीचा नफा फक्त 1.4 कोटी, रोकड साडेचार अब्ज. स्कोअर असा: काका 8,817, मेव्हणा 9,971 (साडेपाच वर्षं धरून बसून जिथल्या तिथे!), आणि मी पळपुटा 19,570 घेऊन पहिला.

पण आता घ्यायचं तर मलाच, पैसे माझ्याकडेच आहेत. ॲपलचं ऑनलाइन गाण्यांचं दुकान 28 एप्रिलला उघडतं म्हणजे ते कारण बाद. रोकडीचं कारण काकांनी वापरून तोंड पोळून घेतलंय आणि एकदा वापरलेलं कारण परत चालत नाही असा नवा नियम काकांनीच काढलाय. आयपॉड (ॲपलचा खिशातला गाण्यांचा प्लेअर) आहे, पण मेव्हणा म्हणतो क्यूबचंही असंच कौतुक केलं होतंत. दोन रविवार पोथी चाळतोय. 17 एप्रिलच्या आधीचं एखादं चांगलं पान कोणाला माहिती असेल तर सांगा, आणि त्या टच स्विचवर काही उपाय असेल तर तोही, काल रात्री दोन वाजता पुन्हा चालू झाला.